बायकांच्या खेळात मी काय वाचलं

"बाई, तुम्ही काय सुंदर वाचायच्या हो," असं आजही कुणी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणणारी बिचारी कौतुकानं म्हणत असते, तिला काय माहीत. सोलापुरात बोलपट यायच्या आधी, मुक्या शिनेमाच्या दिवसांत, दर रविवारी दुपारी बायकांसाठी वेगळा खेळ असायचा. पडद्यावर येणारी अक्षरं त्या खेळात मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. चार वर्षं मी ते केलं आणि चांगलं केलं. पण आठवते ती एकच दुपार, बाकीच्या सगळ्या कुठल्या कुठे गेल्या.

मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. बायकांच्या खेळाला पुरुष आत चालत नसे, आणि भरभर वाचू शकणारी बाई गावात शोधूनच काढावी लागे. त्यातून मला तेलुगू येत होतं. आमच्या गल्लीत अर्धी घरं तेलुगू विणकरांची, लहानपणापासून त्यांच्या मागांच्या खटखटीत वाढले, त्यामुळे भाषा आपोआप तोंडात बसलेली. मराठीत वाचायचं, लगेच तेलुगूत सांगायचं, आणि मागच्या बाकांवर मुसलमान बायका बसत त्यांच्यासाठी मोडक्यातोडक्या दखनीत एक वाक्य टाकायचं, असा माझा रिवाज होता. मालक म्हणत, बाई, तुम्ही एकट्या तीन माणसांचं काम करता. तेवढं म्हणून ते गप्प बसत.

पेटी वाजवायला मात्र बाई मिळाली नव्हती. म्हणून पेटीवाल्या काकांना पडद्याच्या बाजूला बसवून त्यांच्या चहूबाजूंनी चादरी बांधत. बायका त्यांना दिसू नयेत म्हणून ही सोय, पण त्यामुळे त्यांना पडदाही दिसत नसे. पडद्यावर कोण रडतंय, कोण मारामारी करतंय, त्यांना कसं कळणार? तेव्हा आमचं ठरलेलं होतं. मी एक टाळी वाजवली की रडकं, दोन वाजवल्या की लढाईचं. काका माझ्या टाळीवर डोळे झाकून विश्वास ठेवत.

थेटर म्हणजे पत्र्याची शेड. दुपारी उजेड येऊ नये म्हणून दारं लावून काळी फडकी सोडलेली, वर पत्रा तापलेला, आणि खाली दोनेकशे बायका, त्यांची पोरं, शेंगा, विडे. घामानं लुगडं पाठीला चिकटायचं. तरी मी त्या रविवारची वाट बघायची. आठवडाभर शाळेत मी नुसती ओरडायची, तिथं मात्र माझा आवाज कुणी ऐकून घ्यायचं.

त्या दुपारच्या आदल्या वर्षी एक शिनेमा आला होता, त्याला आम्ही सगळे विहिरीचा शिनेमा म्हणत असू. गोष्ट आमच्या घरोघरची, पोरांना निजवताना सांगायची. सात डोंगरांपलीकडे काळी विहीर, तिच्या तोंडावर चेटकीण बसलेली. तिनं राज्यातलं सगळं पाणी विहिरीत ओढून घेतलेलं. मग राजपुत्र उडत्या पलंगावरून येतो, सापांचं रान ओलांडतो, चेटकिणीचं मुंडकं उडवतो आणि पाणी उसळून वर येतं. सोलापूरच्या बायका त्या. उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी नळावर दोन-दोन तास बसणाऱ्या. पाणी उसळलं तेव्हा त्या बाकांवर उभ्या राहिल्या होत्या. एकीनं चेटकिणीच्या मुंडक्याला पायातली वहाण फेकून मारली, पडद्याला भोक पडलं. ते भोक पुढं कायम राहिलं.

त्या शिनेमानं आमच्या गल्लीतल्या एका बाईचं वाटोळं केलं. आधीच झालेलं होतं, त्यावर शिक्का मारला म्हणा.

माझ्या शेजारच्या घरात ती राहायची, भावाकडे. सासरी तीन वर्षं मूल झालं नाही म्हणून तिला परत पाठवलेलं, नवऱ्यानं दुसरी केलेली. भाऊ गिरणीत, वहिनी सदा आजारी. वहिनीला पहिला मुलगा झाला तो हिनंच सांभाळला, आणि दोन महिन्यांचा असताना तापानं गेला, गेला तो हिच्याच मांडीवर. झालं. तेव्हापासून गल्लीतली एकही बाई आपलं मूल हिच्या हातात देईना. आणि तो शिनेमा आल्यावर पोरांनी तिचं नाव विहिरीवाली ठेवलं. ती नळावर आली की पोरं घागरीवर हात ठेवायची, पाणी ओढून नेईल म्हणून. त्यांच्या आया हसायच्या. मी दोनदा भांडले, तिसऱ्यांदा कंटाळले.

ती माझ्याकडे दुपारची यायची. माझी ज्वारी निवडून द्यायची, आणि त्याच्या बदल्यात मी तिला अक्षरं शिकवावी असं तिनंच ठरवलं. वयानं बावीस-तेवीसची असेल. "आता शिकून काय करणारेस?" मी विचारलं. तर म्हणाली, "बाई, कुणी माझ्याबद्दल काही लिहिलं, तर मला कळायला नको?" वर्षभरात ती वाचायला लागली. बोट अक्षराखाली ठेवून, ओठ हलवत, सावकाश. माझ्यासारख्या चिडक्या बाईच्या हाताखाली ती टिकली, यातच आलं सगळं.

त्या उन्हाळ्यात वहिनीला मुलगी झाली. बाळंतपणाला वहिनीची आई आली होती, वळसंगहून. गल्लीत सगळे तिला वळसंगची आजी म्हणायला लागले. दणकट बाई, तोंडानं फटकळ, पण मनानं वाईट नव्हती. तिनं आल्या दिवशीच सांगून टाकलं, "पयल्या नातवाचं झालं ते झालं. ही पोर मी हिच्या हातात देणार न्हाय." आता बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ही एकटी सख्खी आत्या. पण आजीनं होटगीहून चुलत आत्या बोलवायचं ठरवलं. बारसं गुरुवारी होतं.

हिनं त्यावर तक्रार केली नाही. एवढंच म्हणाली, "मी नाव ठरवलंय बाई. अजून कुणाला सांगितलं नाही. कानात सांगायच्या आधी सांगू नये ना." मी विचारलंही नाही कुठलं ते.

आणि नेमका बारशाच्या आदल्या आठवड्यात विहिरीचा दुसरा शिनेमा आला.

कंपनी शिनेमाबरोबर गोष्टीचं एक छोटं चोपडं पाठवायची, त्यात पडद्यावरची सगळी अक्षरं छापलेली असत. मालक ते मला शुक्रवारी देत, म्हणजे वाचून तयारी होई. मी घरी आणून वाचलं आणि ज्वारी निवडत बसलेल्या तिला म्हटलं, "अगं, ही पुढची गोष्ट नाही. आधीची आहे."

म्हणजे चेटकीण चेटकीण व्हायच्या आधीची. ती एक साधी पोर असते, तिला पाण्याची विद्या येत असते. राज्यात महापूर येतो, घरं वाहून जातात, लोक तिच्या पाया पडतात. ती सगळं पाणी ओढून एका विहिरीत भरते आणि ते परत वर येऊ नये म्हणून विहिरीच्या तोंडावर स्वतः बसते. पूर ओसरला की आम्ही येऊन सांगू, मग तू ऊठ, असं लोक तिला सांगून जातात. मग पडद्यावर अक्षरं येतात: "पूर ओसरला. पण ते तिला सांगायला कुणी गेलं नाही." ती बसूनच राहते. वर्षं जातात, केस पांढरे होतात. खाली राज्यात दुष्काळ पडतो, आणि नवे लोक म्हणायला लागतात, वर एक चेटकीण बसलीय, तिनं आपलं पाणी चोरलं. तिथं शिनेमा संपतो.

ती ज्वारी निवडायची थांबली. चोपडं माझ्या हातातून घेतलं आणि ती ओळ बोटानं शोधून काढली. तीन-चारदा वाचली. मग म्हणाली, "हे तुम्ही रविवारी सगळ्यांच्या पुढं वाचणार?"

"वाचणार म्हणजे? माझं कामच ते."

"मोठ्यानं?"

"अगं, मी हळू कधी वाचते?"

"मग मी आजीला आणते," ती म्हणाली. "गल्लीतल्या सगळ्यांना आणते. बाई, एकही शब्द गाळू नका हं. जसं लिहिलंय तसं वाचा." मी हो म्हटलं. माझं हो म्हणणं तिनं केवढं धरलं होतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. गुरुवारच्या बारशाला आत्या कोण, हे ती या शिनेमावर टाकून मोकळी झाली होती. वेडेपणा म्हणा. पण चेटकीण ठरवली तीही एका शिनेमानंच की.

शनिवारी पुरुषांचा खेळ झाला आणि तिथं घोटाळा उडाला. आपल्याकडे माणसाला एकच ठाऊक, जे मागून येतं ते पुढचं. गेल्या वर्षी चेटकीण मेली, यंदा राजपुत्राचं लग्न बघायला मिळणार, या हिशेबानं लोक आले. तर पडद्यावर चेटकीण जिवंत, वर तरुण, आणि राजपुत्राचा पत्ता नाही. पत्ता कुठून असणार, तो अजून जन्मलाच नव्हता. लोकांनी दोन बाकं मोडली.

रविवारी सकाळी मालक माझ्या दारात. "बाई, जुन्या शिनेमाचं शेवटचं रीळ माझ्याकडे पडून आहे. ते मी याच्या शेवटाला जोडतो. मुंडकं उडालं की लोक खूश. तुम्ही फक्त वाचताना असं वाचा की ही मेलेली चेटकीण परत उठली आणि पुन्हा पाणी चोरायला लागली."

माझं डोकंच फिरलं. "रीळ तुमचं, तुम्ही वाटेल ते जोडा. मी जे लिहिलंय तेच वाचीन."

"वाचा की. पण बायकाही उठून गेल्या तर रविवारचा खेळ मी बंद करतो. मग वाचा शाळेत." असं म्हणून ते निघून गेले. मी दार आपटलं. मनात म्हटलं, बघतेच.

दुपारी शेड गच्च भरली. ती तिसऱ्या बाकावर होती, शेजारी वळसंगची आजी, पलीकडे गल्लीतल्या सात-आठ जणी. कशा कोण जाणे, तिनं सगळ्यांना गोळा करून आणलं होतं. दिवे गेले. मी माझ्या स्टुलावर उभी राहिले.

पहिली अक्षरं वाचली आणि घोळ सुरू झाला. पुढच्या बाकावरची एकजण ओरडली, "बाई, ही तर मेली होती की."

"ही आधीची गोष्ट आहे," मी सांगितलं. "तेव्हा ती लहान होती."

"आधीची आहे तर आधी का नाही दाखवली?"

मागून एक मुसलमान म्हातारी म्हणाली, "ये तो मर गई थी ना, बाई? भूत है क्या?" मी सांगितलं, भूत नाही. तेलुगूत सांगितलं, दखनीत सांगितलं. समजावता समजावता पुढची अक्षरं येऊन गेली, ती राहिली. मग ती सांगायला गेले तर पडद्यावर तिसरंच काही. नाकीनऊ आले. तरी मी सोडलं नाही. पूर आला तेव्हा मी घसा फोडून वाचलं, एक टाळी वाजवली, काकांनी छान रडकं लावलं. बायका जरा गप्प झाल्या. मला वाटलं, कंटाळल्या.

मग पडद्यावरची ती पोर विहिरीच्या तोंडावर बसली. पुढच्या बाकावरून, "राजपुत्र कुठाय?"

"अजून जन्मला नाही."

हशा पिकला. "मग जन्मल्यावर बोलवा आम्हाला." पुन्हा हशा. एकीनं शेंगांची टरफलं फेकली, ती माझ्या केसांत पडली. "बाई लबाड बोलतात. चेटकिणीची बाजू घेतात." पुढच्या बाकावरच्या चार-पाच जणींनी बाकं बडवायला सुरुवात केली. मला मालकांचं बोलणं आठवलं. उकाडा, घाम, घसा कोरडा, केसांत टरफलं, आणि मी इथं यांना काहीतरी चांगलं सांगायला जीव काढतेय, आणि या हसतायत. शाळेत पोरी ऐकत नाहीत म्हणून छडी मारायची सवय मला. इथं छडी नव्हती.

"बरं," मी म्हटलं, मोठ्यानं. "तुम्हाला चेटकीणच पाहिजे ना? घ्या मग."

आणि मी दोन टाळ्या वाजवल्या. चादरीआड काकांनी बिचाऱ्यांनी लगेच लढाईचं लावलं. पडद्यावर ती पोर एकटी विहिरीवर बसलेली, केसांत पान पडतंय, आणि पेटीवर लढाई. मी वाचायला लागले, म्हणजे वाचायचं सोडून सांगायला लागले. ही कशी दुष्ट, हिनं पुराचं नाटक करून लोकांना कसं फसवलं, पाणी पोटात भरून ही कशी हसते. पडद्यावर ती हसत नव्हती, पण मी सांगितलं हसते, तर बायकांना ती हसताना दिसली. शेड एकदम माझ्या मुठीत आली. खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली. आवाज चढवला, पाडला, तेलुगूत आणखी तिखट केलं. इतकं मन लावून कुणी माझं कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात ती अक्षरं आली. पूर ओसरला, पण ते तिला सांगायला कुणी गेलं नाही. मोठी, पांढरी, वहाणेच्या भोकाच्या जरा वर. मला ती दिसली, अगदी स्वच्छ. आणि मी वाचलं, "पूर ओसरला तरी तिनं पाणी सोडलं नाही. सगळ्यांना तहानेनं मारायचा तिचा बेत होता."

मग मालकांचं जुनं रीळ आलं. पलंग उडाला, मुंडकं उडालं, पाणी उसळलं. बायका बाकांवर उभ्या. कुणीतरी पुन्हा वहाण मारली. बाहेर पडताना कित्येकींनी माझे हात धरले. बाई, काय सुंदर वाचलंत हो.

तिसऱ्या बाकाकडे मी बघितलं तेव्हा ते रिकामं होतं.

सोमवारी शाळेतून आले तर ती दारात उभी. सूप हातात, ज्वारी निवडायला आलेली, जसं काही झालंच नाही. ती बसली. मी काहीतरी बोलायला सुरुवात केली, त्या बायका, तो मालक, तो उकाडा. तिनं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "मी वाचली ती ओळ. पहिल्यांदाच पडद्यावरची अख्खी ओळ वाचून झाली. एरवी मी अर्ध्यात असतानाच ओळ निघून जाते. ही पाठच होती, म्हणून एका नजरेत वाचली."

एवढं सांगून ती पुन्हा ज्वारीकडे वळली.

"बाई, आजी रडत होती. पूर आला तेव्हा. मला म्हणाली, पोर लई गुणाची हाय गं. आणि अंधारात माझा हात धरला होता तिनं." तिनं ज्वारीतला खडा काढून बाजूला ठेवला. "मग तुम्ही दोन टाळ्या वाजवल्या."

"मग?"

"मग सोडला."

मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्या चार-पाचच होत्या. पुढच्या बाकावरच्या. बाकीची शेड गप्प होती ती ऐकत होती म्हणून, आणि मी तो कंटाळा समजले. चार वर्षं वाचून मला एवढंही कळू नये? राग आला, आणि या खेपेला तो काढायला दुसरं कुणी नव्हतं.

मी तशीच चपला घालून थेटरात गेले. मालकांना म्हटलं, एक खेळ पुन्हा लावा, फक्त बायकांचा, हवं तर मी घरोघरी जाऊन बायका आणते. ते म्हणाले, शिनेमाच्या पेट्या सकाळीच होटगीला गेल्या, तिथून पुढं विजापूरला. चोपडंही पेटीतच गेलं. "आणि बाई, कालचा खेळ झकास झाला. असंच वाचत जा." मी त्यांना काय बोलले ते इथं लिहीत नाही.

तिथून थेट शेजारी. वळसंगची आजी बाळाला तेल लावत बसली होती. मी म्हटलं, "आजी, काल मी चुकीचं वाचलं. पडद्यावर तसं लिहिलेलं नव्हतं. त्या पोरीची काही चूक नव्हती, लोकच तिला विसरले."

आजीनं मान वर केली नाही. "तुमी शाळंत शिकिवता न्हवं?"

"हो."

"मग चुकीचं कसं वाचाल?"

"मुद्दाम वाचलं. बायका ओरडत होत्या, मला राग आला."

"राग आला म्हून बाई खोटं वाचती व्हय?" आजी हसली. "मला समजतंय की. आमची ही तुमच्याकडं येती, ज्वारी निवडून देती, तुमचा जीव हाय तिच्यावर. तिच्यासाटी आलासा तुमी. तिच्यासाटी आज खोटं बोलतासा." मग तेलाची वाटी बाजूला सारून माझ्याकडे बघत जरा हळू म्हणाली, "मला बी वाटलं हुतं ओ. निम्म्यापातुर वाटलं हुतं, आपून लई कडक वागलो. पन तुमीच वाचलासा की."

मी शपथा घातल्या. तिच्या भावाला मध्ये घातलं. तो म्हणाला, बायकांच्या कामात मी पडत नाही. वहिनीकडे बघितलं, तर तिनं भिंतीकडे तोंड केलं. मंगळवारी पुन्हा गेले, बुधवारी पुन्हा. बुधवारी आजीनं मला चहा दिला आणि विषय बदलला. माझ्या खोट्यावर दोनशे बायकांनी एका दुपारी विश्वास ठेवला, आणि खरं सांगायला गेले तर एक म्हातारी ऐकेना. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. कुणावर चिडू? ती बाई वाईट असती तर मनसोक्त भांडले तरी असते.

गुरुवारी मी शाळेत सुट्टीची चिठ्ठी पाठवली. बारशाचं बोलावणं मला होतं, पण मी गेले नाही. ती माझ्याकडे येऊन बसली होती. घरातलं सगळं काम तिनं पहाटेपासून केलं होतं, घुगऱ्या शिजवल्या, पाळणा धुऊन पुसून फुलांनी बांधला, आणि होटगीची चुलत आत्या आल्यावर आपण होऊन बाहेर पडली. भिंत एकच, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. बायकांचा गलका, पाळण्याचं गाणं, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. मग क्षणभर सगळं थांबलं. तेव्हा आत्या वाकून कानात सांगत असणार. मग पाठीत धपाधप गुद्दे आणि हसणं. होटगीची आत्या "अगं, हळू, हळू" म्हणत होती.

ती सूप खाली ठेवून उठली. कोपऱ्यातली माझी पाटी घेतली, पेन्सिल घेतली, आणि भिंतीला टेकून लिहायला बसली. सावकाश, ओठ हलवत. तीनच अक्षरं होती. लिहून झाल्यावर पाटी माझ्यापुढे धरली.

"वाचा," म्हणाली. "मोठ्यानं नको."

तिनं बाळासाठी ठरवलेलं नाव होतं ते. मी वाचलं. हळू, तिला एकटीला ऐकू जाईल एवढंच.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "जसं लिहिलंय तसंच वाचलंत ना?"

"हो गं," मी म्हटलं. "तसंच."

तिनं एकदा पाटीकडे बघितलं, बोट ठेवून ती तीन अक्षरं पुन्हा स्वतः वाचून बघितली, माझ्यासमोर. मग पदरानं पाटी पुसली आणि ज्वारी निवडायला बसली.